वजन म्हणजे वजन

आमच्या सरांना कुणी काही विचारलं की ते आधी चष्मा काढायचे, रुमालानं पुसायचे, पुन्हा लावायचे आणि मग विचारणाऱ्यालाच विचारायचे, "तुमच्या प्रश्नाचं वर्णन कुठे आहे?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस विनोदी दिसतो. महिन्याभरात कळलं की ते हे अगदी मनापासून विचारतात.

छत्तीसगड नुकतंच वेगळं राज्य झालं होतं तेव्हाची गोष्ट. रायपूर राजधानी झालं म्हणजे काय झालं हे कुणाला नीट कळलं नव्हतं. नवी राजधानी अजून नकाशातच होती. पण दुकानांच्या पाट्या मात्र बदलल्या होत्या. राजधानी स्वीट्स, राजधानी टायर्स, राजधानी टेलर्स. ज्याला त्याला कंप्यूटर हवा होता, आणि कंप्यूटर आला की त्यात घालायला प्रोग्राम हवा होता. आमची कंपनी अशाच एका राजधानी टायर्सच्या वर, दोन खोल्यांत होती. मालकाला आम्ही सगळे भैया म्हणायचो. भैयाला प्रोग्राममधलं काही कळत नसे, आणि म्हणून त्यानं आमच्यावर सरांना ठेवलं होतं.

सर तात्यापाऱ्यातले, म्हणजे रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतले. भोसल्यांच्या वेळी आलेलं घराणं, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच वाक्यांत सांगायचे. मधली काही वर्षं पुण्यात नोकरी केली होती. तिथून ते दोन गोष्टी घेऊन परत आले होते, एक शुद्ध मराठी आणि दुसरी आमच्याविषयीची कीव. माझे बाबा रेल्वेत, मूळचे वर्धेकडचे. घरी आम्ही वऱ्हाडी बोलायचो, बाहेर हिंदी नाहीतर छत्तीसगडी. मी एकदा "सर, मले हे कळून नाही राहिलं" म्हटलं, तर त्यांनी माझा प्रश्न बाजूला ठेवून 'मला' आणि 'मले' यांवर अर्धा तास घेतला. प्रश्न तसाच राहिला. तो मी संध्याकाळी स्वतःच सोडवला.

त्यांचं खूळ समजायला आमच्या धंद्यातलं थोडं सांगावं लागेल. प्रोग्राममधली छोटी छोटी कामं वेगवेगळी लिहितात, त्यांना फंक्शन म्हणतात. फंक्शनला काम करण्यासाठी जे हातात द्यायचं ते आर्ग्युमेंट. ट्रकचं बुकिंग करणाऱ्या फंक्शनला ट्रकचा नंबर द्या, मालाची माहिती द्या, ते बुकिंग करून मोकळं होतं. पण मालाची माहिती ही एकच वस्तू नसते. तिच्या पोटात पार्टीची, म्हणजे गिऱ्हाइकाची माहिती, मालाच्या जिनसा, प्रत्येक जिनसेच्या पोटात नग, भाव, वजन. एकात एक. आणि आम्ही ज्या स्क्रिप्टिंगच्या भाषेत लिहायचो, ती भाषा अशी की तुम्ही काय देता, त्याच्या आत काय आहे, काही विचारायची नाही. जे द्याल ते घ्यायची. चुकीचं दिलं असेल तर ते पुढं कुठंतरी तिसऱ्याच ठिकाणी उघडं पडायचं.

सरांनी त्यावर उपाय काढला होता. प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर त्याच्या आर्ग्युमेंटांचं वर्णन लिहायचं. प्रत्येकाचं नाव, प्रकार, अनिवार्य की ऐच्छिक, आणि एका ओळीत अर्थ. आत आणखी काही असेल तर त्याचंही तसंच, पार तळापर्यंत. वर्णन नसेल तर फंक्शन चालणारच नाही, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. कल्पना चांगली होती. हे मी आजही मानते, आणि म्हणूनच मला त्यांचा राग जास्त येतो.

कारण वर्णन पाहिजे यावर ते अडून बसायचे, पण वर्णनात काय पाहिजे याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. त्यांनी स्वतः लिहिलेली वर्णनं मला अजून पाठ आहेत. 'पार्टी: पार्टीविषयी माहिती.' 'माल: मालाविषयी माहिती.' 'तारीख: सदर तारीख.' कोणती तारीख, माल चढवल्याची की उतरवल्याची, ते नाही. रकाने मात्र चारही भरलेले. कंस असे एकाखाली एक लावलेले की पट्टी ठेवून बघावं. ते खरोखरच पट्टी ठेवून बघायचे. कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर छापून काढायचे, कंसांच्या जोड्या पेन्सिलनं रेघा मारून जुळवायचे, आणि जुळल्या की खुर्चीत मागं रेलून म्हणायचे, "वर्णन झालं की काम झालं."

काम म्हणजे फंक्शन. ते त्यांनी कधी लिहिलं नाही. माझ्या तिथल्या सबंध काळात मी त्यांच्या हातचं एकही चालणारं फंक्शन पाहिलं नाही. ते आम्ही लिहायचो. त्यांच्या मते तो तपशील होता.

नव्या मुलांना शिकवायला त्यांनी एकदा गोल बाजारातून स्टीलच्या डब्यांचा संच आणला, एकात एक बसणारा. मला बरोबर नेलं होतं. दुकानदार बिचारा दरवेळी वेगळा संच काढून दाखवत होता आणि हे प्रत्येक डब्याचं झाकण लावून, उलटा करून, कानाशी हलवून बघत होते. भांडीवाल्यानं शेवटी मला विचारलं, दीदी, यांना डबा घरी न्यायचाय की दवाखान्यात. ऑफिसात आल्यावर सरांनी प्रत्येक डब्यावर कागद चिकटवला, आणि पोरांसमोर मोठ्यातून लहान, लहानातून आणखी लहान असे काढत गेले. सगळ्यांत आतल्या डबीवर लिहिलं होतं, 'आतील वस्तू'. एका पोरीनं विचारलं की आतली वस्तू काय आहे हे उघडल्याशिवाय कसं कळेल. सर म्हणाले, प्रश्न चांगला आहे, आणि पुढं गेले. आत बडीशेप होती. पुढं त्या डब्यांत भैया चिवडा ठेवायला लागला, आणि त्यांचा जो काही उपयोग झाला तो तेवढाच.

हे सगळं हसून सोडून देण्यासारखं होतं. हाताखालची माणसं हसतातच. मीही हसायचे. भनपुरीच्या सेठचं काम आलं आणि माझं हसू गेलं.

रायपूरच्या कडेला, भनपुरीला ट्रकांचा बाजार. रस्त्याच्या दोन्ही बाजूला गाड्या, गोदामं, वजनकाटे, आणि सगळ्यावर काळी धूळ. तिथल्या एका ट्रान्सपोर्टच्या सेठला बुकिंगपासून पोचपावतीपर्यंत सगळं कंप्यूटरवर हवं होतं. माल चढवताना इथं नोंद, उतरवताना नागपूरच्या शाखेत नोंद, आणि दोन्हींचा ताळा प्रोग्रामनं आपोआप घालायचा. सरांनी वर्णनं लिहून दिली. चढवायचं फंक्शन माझ्याकडे, उतरवायचं दुसऱ्या खोलीत बसणाऱ्या सहकाऱ्याकडे. आम्ही दोघांनीही त्याच वर्णनावरून लिहायचं होतं. सगळ्यांत आत, जिनसेच्या पोटात, एक ओळ होती, 'वजन: मालाचे वजन.'

मी सरांकडे गेले. म्हटलं, तांदूळ पोत्यात जातो, हे वजन पोत्यासकट की पोतं वगळून. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, वर्णन लहान असावं. मी म्हटलं, लहान असू द्या, पण यात दोन अर्थ निघतात. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्यांच्या घराण्याबद्दल काही बोलले.

"वजन म्हणजे वजन," ते म्हणाले.

मी पोत्यासकट धरलं, कारण इथल्या काट्यावर भरलेली गाडीच चढते. सहकाऱ्यानं पोतं वगळून धरलं, कारण नागपूरला पार्टी पोत्याचं वजन कापूनच पैसे देते. त्यालाही सरांनी तेच उत्तर दिलं होतं, हे मला नंतर कळलं. प्रोग्राम सुरू झाला. पहिले काही दिवस लोखंडाच्या गाड्या गेल्या. लोखंडाला पोतं नसतं. ताळा बरोबर बसत गेला, सेठ खूश झाला, सरांनी भैयाकडून पेढे घेतले.

मग तांदळाची पहिली गाडी गेली. ती बिसाहूची होती.

बिसाहू सेठकडे जुना ड्रायव्हर. पन्नाशीकडे झुकलेला, थोडा वाकून चालणारा. आम्ही यंत्रं बसवत होतो तेव्हा तो बाजूला उभा राहून बघायचा, कधी काही विचारायचा नाही. त्याची गाडी नागपूरला उतरली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. पोती पूर्ण, वजन कमी. एका पोत्यामागं अर्धा-पाऊण किलो, पण गाडीभर पोत्यांचं मिळून बरंच. सेठनं उभी हयात धान्यात काढलेली. पोती पूर्ण आणि वजन कमी म्हणजे काय होतं ते त्याला माहीत होतं. पोत्यात परखी खुपसायची, त्या टोकदार नळीतून थोडा थोडा तांदूळ काढून घ्यायचा, भोक बोटानं मिटवायचं. रस्त्यात गाडी थांबवून ड्रायव्हर हे करतात. त्यानं बिसाहूला गाडीवरून उतरवलं, लायसन्स मुनीमकडे ठेवून घेतलं, आणि पोलिसांत द्यायचं की नाही याचा विचार करत बसला.

पण सेठ मूर्ख नव्हता. त्यानं आम्हाला बोलावलं. मी आणि सर गेलो. त्यानं सरांना सरळ विचारलं, कहीं बारदाने का हिसाब तो नहीं छूट गया. बारदाना म्हणजे रिकामी पोती. मी तोंड उघडणार तेवढ्यात सर हसले. ते क्वचित हसायचे.

"सेठजी, हमारे सिस्टम में बारदाना है ही नहीं," ते म्हणाले. "जो कुछ है, सबका वर्णन है. बारदाना नाम का कोई आर्ग्युमेंट नहीं है."

सेठनं याचा अर्थ असा घेतला की बारदान्याची काही भानगड नाही. कुणीही तोच घेतला असता. तो दाराशी उभ्या असलेल्या बिसाहूकडे वळला आणि जा म्हणाला. मी मध्ये बोलायला लागले तर सरांनी मला मराठीत गप्प केलं, ग्राहकासमोर आपसात मतभेद नको म्हणून. मग सेठला म्हणाले, लड़की नई है.

फाटकाबाहेर बिसाहू बसला होता. मला बघून उठला.

"दीदी, मशीन मा का लिखाय हे?" त्यानं विचारलं. "मैं चोरी नइ करे हंव."

मशीनमध्ये काय लिहिलंय ते मला माहीत होतं. पण परत जाताना स्कूटरवर मी सरांना ते सांगायला लागले तर ते म्हणाले, दोन्ही फंक्शनं वर्णनाप्रमाणे आहेत, मग चूक कुठली. ऑफिसात मी दोन्ही फंक्शनं छापून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी वाचली. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पेन्सिल घेतली, बाजूला ठेवली. मग म्हणाले, "यात वर्णनाचा दोष नाही. वापराचा आहे."

मी म्हटलं, सर, एक माणूस तिकडं चोर ठरून राहिला. ते म्हणाले, तो आपल्या कक्षेतला विषय नाही.

मी भैयाला सांगितलं. भैयाला कोड कळत नव्हता, पण चेहरे कळायचे. तो म्हणाला, तू जा, मी सरांना बघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसनं भनपुरीला गेले. सेठनं मला बसायलाही सांगितलं नाही. मी गोदामातल्या हमालाकडून एक रिकामं पोतं मागून घेतलं, समोरच्या लहान काट्यावर टाकलं आणि सेठला म्हटलं, सेठजी, जरा देखिए. काटा हलला. सेठनं पोत्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, पोती किती ते बघून मनातल्या मनात गुणलं. व्यापाऱ्याला त्याला किती वेळ लागतो. त्यानं तिथूनच मुनीमला हाक मारली आणि बिसाहूचं लायसन्स काढायला सांगितलं.

बिसाहूला बोलावून घेतलं तेव्हा मी तिथंच होते. सेठ म्हणाला, चल, गाड़ी निकाल, मशीन की गलती थी. बिसाहूनं लायसन्स खिशात घातलं, सेठला हात जोडले आणि गाडीकडे न जाता फाटकाबाहेर पडला. सेठ बघतच राहिला. पुढच्या आठवड्यात बिसाहूनं धमतरीकडच्या एका मिलची गाडी धरली असं ऐकलं.

सेठनं भैयाला फोनवर काय ऐकवलं ते मला माहीत नाही, पण भैया सरांवर पहिल्यांदाच ओरडला. म्हणाला, उस ड्राइवर के घर जाओ और माफी मांगो. सर तयार झाले, याचंच मला आश्चर्य वाटलं. मला म्हणाले, तुम्ही बरोबर चला, छत्तीसगडी बोलायला लागलं तर. निघण्याआधी त्यांनी तास दीड तास बसून एक कागद छापून काढला. मला वाटलं माफीनामा असेल.

बिसाहूचं घर भनपुरीच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कारखान्यांच्या भिंतीला लागून. पुढं परछी, म्हणजे पडवी, तीवर एक खाट. बिसाहू खाटेवर बसलेला होता, आम्हाला बघून उभा राहिला. त्याची बायको दाराच्या चौकटीशी आली. समोर हातपंपावर बाया पाणी भरत होत्या, त्यांनी भरायचं थांबवलं. त्या बिसाहूच्या घराकडे कशा नजरेनं बघत होत्या ते आम्ही आलो तेव्हाच मी पाहिलं होतं. बातमी पाऱ्यात पोचलेली होती, खुलासा पोचलेला नव्हता.

सर खाटेच्या कडेवर बसले. कागद उलगडून त्यांनी बिसाहूच्या हातात दिला. मी वाकून पाहिलं. जिनसेच्या पोटात त्यांनी एक नवी ओळ घातली होती, 'वजनप्रकार: वजनाचा प्रकार.' चारही रकाने भरलेले होते. आणि मग त्यांनी बिसाहूला समजावायला सुरुवात केली. फंक्शन म्हणजे काय, आर्ग्युमेंट म्हणजे काय, एकाच्या आत दुसरं कसं असतं. त्यांच्या शुद्ध मराठीतून शुद्ध हिंदीत. चहा आला, निवला. बिसाहू कागद दोन्ही हातांनी धरून दर वाक्याला हव साहब, हव साहब म्हणत होता. मी तोवर बऱ्याच मीटिंगा पाहिल्या होत्या, पण इतकी लाज मला कुठं वाटली नव्हती. माफी या शब्दाच्या आसपासही ते गेले नाहीत. शेवटी म्हणाले, "संक्षेप में, वर्णन अधूरा रह गया था."

बिसाहू हव म्हणाला.

"अधूरा कोन छोड़िस?" त्याच्या बायकोनं दारातून विचारलं.

तिचा आवाज चढलेला नव्हता. अधुरं सोडलं कुणी, एवढंच तिला हवं होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला. रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग उठले, चहा चांगला होता म्हणाले, आणि बूट घालायला लागले. चहाला त्यांनी हात लावलेला नव्हता. कागद त्यांनी बिसाहूकडून परत घेतला, कारण तीच एक प्रत होती.

रस्त्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ट्रकांच्या मधून स्कूटर हळूहळू चालली होती. खमतराईच्या अलीकडे सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "त्या बाईंनी कर्ता विचारला. वर्णनात कर्ता नसतो. त्यांच्या ते लक्षात आलं नाही."

मला वाटलं होतं, ते एवढा वेळ गप्प आहेत म्हणजे त्यांना काही लागलं असेल. ते व्याकरण करत होते.

मी स्कूटरवरून उतरले. त्यांनी मान वळवून पाहिलं, मागच्या ट्रकनं हॉर्न दिला आणि त्यांना पुढं जावंच लागलं. मी भनपुरीकडे परत चालायला लागले. ऊन उतरलं होतं, धूळ तशीच होती. नोकरी सोडायची हे त्या चालण्यात ठरलं, पण ते काही फार मोठं नाही, तशा नोकऱ्या तेव्हा मिळत होत्या.

बिसाहूची बायको परछी झाडत होती. मला एकटीला बघून तिनं झाडू भिंतीला टेकवला. मी तिला म्हटलं, अधुरं सरांनी सोडलं. मी विचारलं होतं, तरी सोडलं. सेठनं विचारलं तेव्हाही झाकलं. तुमच्या माणसानं एक दाणा घेतलेला नाही.

ती तडक आत गेली. बिसाहूचा हात धरून त्याला बाहेर घेऊन आली, आणि हातपंपावरच्या बायांना हाक मारली. त्या घागरी तिथंच ठेवून आल्या. एकीच्या मागं आणखी दोघी आल्या.

"सब के आघू मा फेर बोल, दीदी," ती म्हणाली. "जोर से."

मी परछीच्या पायरीवर उभी राहिले आणि सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं, सरांचं पूर्ण नाव घेऊन.